दोन महिने वर्दी, दहा महिने नोकरी?

यंदा मेच्या सुट्टीत मी कुरुंदवाडला आपाच्या घरी होते. सीमेवर तणाव होता आणि प्रत्येक घरात टीव्ही चालू होता. एका रात्री जेवणाच्या वेळी माझ्या भाच्याने मोबाइल पुढे केला. "खाला, हे वाचा. टीएला बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला."

बातमी खरी होती. केंद्र सरकारने ६ मे २०२५ रोजी अधिसूचना काढून टेरिटोरियल आर्मीचे, म्हणजे प्रादेशिक सेनेचे, अधिकारी आणि जवान गरजेप्रमाणे सेवेत बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना दिली होती. पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ पलटणी त्यासाठी मोकळ्या केल्या होत्या आणि ही मुभा फेब्रुवारी २०२८ पर्यंतची होती.

आपा चुलीपुढे होती. "कुणाला बोलावणार म्हणे?" तिने विचारले.

"टीएवाल्यांना, अम्मी. मी जिथं भरती होणार आहे ना, त्यांना."

पुढची भाकरी तव्यावर करपली. आपा काही बोलली नाही, पण रात्री अंथरुणावर मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस. हे नेमकं काय आहे ते बघ. दोन महिन्यांची नोकरी म्हणतो हा. दोन महिन्यांची असती तर माणसं युद्धावर कशाला नेली असती?"

तिच्या या प्रश्नामुळे मी सारी सुट्टी माहिती काढण्यात घालवली. ती इथे लिहिते आहे, कारण आपल्या बऱ्याच घरांत असा एखादा मुलगा असतो. हमीदसाहेबांचे नाव आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी रणगाडे फोडून शहीद झालेले परमवीरचक्राचे मानकरी अब्दुल हमीद. पण नोकरी किंवा धंदा न सोडता लष्कराची वर्दी घालता येते का, कुठे, कोणत्या अटीवर, हे विचारले तर शिकली-सवरलेली माणसेही गप्प होतात. काही जण तर टीए म्हणजे अग्निवीर समजतात. अग्निवीर ही चार वर्षांची पूर्णवेळ नोकरी आहे आणि ती अगदी कोवळ्या वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. नोकरी सांभाळून करायची ती गोष्ट नव्हे.

भाचा पंचवीस वर्षांचा. यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा झालेला, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीनवर. २०१९ च्या महापुरात लष्कराच्या बोटीतून त्याच्या दादीला बाहेर काढले, तेव्हा हा एकोणीस वर्षांचा. त्या बोटीवरच्या जवानाने दादीच्या पायातली चप्पल पाण्यात गेली म्हणून स्वतःच्या खांद्यावरून तिला कोरड्या जागी नेले होते. ते त्याच्या मनातून गेलेले नाही. त्यामुळे त्याची ओढ पगारासाठी नाही, हे मी आधीच सांगते. पण घर त्याच्या पगारावर आहे. दुल्हाभाईंचे यंत्रमाग विकून झाले, घराचे हप्ते चालू आहेत.

टीएची मूळ कल्पना साधी आहे. देशाला कायम फौज तर हवीच, पण संकटात हाताशी येतील अशी प्रशिक्षित नागरिक माणसेही हवीत. त्यांनी एरवी आपापला पोटाचा उद्योग करावा, वर्षातून ठरावीक काळ सराव करावा आणि हाक आली की यावे. त्यासाठी १९४८ मध्ये कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. आपल्या भागात कोल्हापूरला मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी टीए पलटण आहे, पुण्याला १०१ वी, देवळालीला पॅराशूट रेजिमेंटची ११६ वी. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची पर्यावरण पलटण आहे. ती मराठवाड्यात झाडे लावते आणि जगवते, पण तिच्यात मुख्यतः निवृत्त जवानच घेतात. शेजारपाजारी कुणी लष्करातून लवकर निवृत्त झालेले असेल तर त्याला जरूर सांगा. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल यांच्या स्वतःच्या टीए तुकड्यांचा इतिहास आहे, पण त्या त्यांच्याच कर्मचाऱ्यांसाठी असतात.

बाहेरच्या माणसाला दोन दारे. एक जवानाचे, दुसरे अधिकाऱ्याचे. भाचा जवानाच्या दारात उभा होता.

जवानासाठी वय १८ ते ४२, शिक्षण दहावी, तेही किमान ४५ टक्के गुणांनी. उंची १६० सेंटिमीटर. आधी १६०० मीटर धावणे, मग पुलअप्स, खड्डा ओलांडणे, मग कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा. जाहिरातीत कोणत्या जिल्ह्याच्या मुलांनी कोणत्या तारखेला यायचे ते दिलेले असते. ते न बघता मुले रात्रभर प्रवास करून येतात आणि फाटकावरून परत जातात. कोल्हापुरात भरती असली की रस्त्याकडेला झोपलेली पोरे मी स्वतः पाहिली आहेत.

हे सगळे भाच्याला तोंडपाठ होते. त्याला ठाऊक नव्हते ते मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी सांगितले. ते टीएतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी घरी गेले तेव्हा ते दारात बसून शेंगा निवडत होते. म्हणाले, "बाई, जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ही पूर्णवेळ नोकरी नाही आणि पेन्शनची हमी नाही. ते कुणी वाचत नाही. पगार कायम फौजेइतकाच, अगदी बरोबर. पण तो वर्दीत असेपर्यंत. घरी पाठवलं की पगार बंद."

मग ते थोडे थांबून म्हणाले, "माझी बरीच वर्षं काश्मीरला गेली. कागदावर दोन महिने, पण पलटण बोलावली की वर्ष न् वर्ष निघतात. ते मला चाललं, मी त्यासाठीच गेलो होतो. पण आमच्यातले काही जण मधेच घरी आले. बाहेरची नोकरी तोवर गेलेली. बोलावलं तर घरच्यांना अडचण, नाही बोलावलं तर स्वतःला."

जवानाला पेन्शन हवी असेल तर प्रत्यक्ष वर्दीतली पंधरा वर्षे भरावी लागतात, अधिकाऱ्याला वीस. घरी असलेले दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे 'पार्ट टाइम' हा शब्द एका बाजूनेच खरा आहे. सरकारवर तुम्हाला वर्षभर कामावर ठेवण्याचे बंधन नाही, पण तुमच्यावर मात्र हाक आली की जाण्याचे बंधन आहे. घरात बोलणे करताना हे आधी बोलावे. धावण्याची वेळ आणि छातीचे माप नंतर.

आता नोकरीचे. भाच्याने कारखान्यात विचारले होते. तिथल्या साहेबांनी हसून उत्तर दिले, "दोन महिने तू नसलास तर मशीन बंद ठेवू का? राजीनामा दे आणि जा." त्यांचा राग नाही. चाळीस माणसांच्या कारखान्यात एक कुशल हात दोन महिने नसणे म्हणजे काय, ते यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या दुल्हाभाईंनाही कळत होते. पण कायदा काय म्हणतो? १९४८ च्या त्याच कायद्याच्या एका कलमात आहे की लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की मालकाने त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेतले पाहिजे. मालकाने नकार दिला तर नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो मालकाला कामावर घेण्याचा हुकूम देऊ शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो, किंवा अडचण खरी वाटली तर मालकाला सूटही देऊ शकतो. बोलावणे येणार असे दिसताच मालकाने चलाखीने आधीच काढून टाकले, तरी कायद्याला ती पळवाट मान्य नाही.

हे वाचून भाचा खूश झाला. मी झाले नाही. सहा महिन्यांचा पगार म्हणजे घराचे सहा हप्ते. सातव्या महिन्याचे काय? मोठी कंपनी, बँक, सरकारी खाते, सरकारी शाळा इथे काम करणाऱ्याला या कलमाचा आधार चांगला आहे, कारण तिथे नियमाने चालणारी कचेरी असते आणि एकाच्या जागी दुसरा बसतो. छोट्या कारखान्यातल्या मुलाने मात्र मालकाकडून आधी लेखी घ्यावे आणि ते मिळत नसेल तर वर्षभराचा घरखर्च बाजूला टाकल्याशिवाय पाऊल टाकू नये. मला तरी असेच वाटते.

दुसरे दार अधिकाऱ्याचे. वय तेच, १८ ते ४२, पण पदवी हवी आणि स्वतःची कमाई हवी. नोकरी असो की धंदा, तुम्ही कमावते आहात याचा पुरावा द्यावा लागतो. पोलीस, निमलष्करी दल किंवा कायम फौजेत असलेल्यांना ही परीक्षा देता येत नाही. आधी वस्तुनिष्ठ प्रश्नांची लेखी परीक्षा: तर्क, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. मग प्राथमिक मुलाखत, आपल्यासाठी ती पुण्याला. मग पाच दिवसांची एसएसबी, शेवटी वैद्यकीय. निवड झाली की लेफ्टनंट. पहिल्या वर्षी महिनाभराचे मूलभूत प्रशिक्षण, दर वर्षी दोन महिन्यांचे शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनला तीन महिने. टीव्हीवर महेंद्रसिंह धोनीला वर्दीत पाहून पोरांना वाटते की हे सन्मानाने मिळते. धोनीचा लेफ्टनंट कर्नलचा दर्जा मानद आहे, २०११ मध्ये दिलेला. सचिन पायलट २०१२ मध्ये आणि अनुराग ठाकूर २०१६ मध्ये खासदार असताना टीएचे अधिकारी झाले, ते मात्र निवडीच्या पायऱ्या चढून. खासदारकी सांभाळून जमते, तर इंजिनिअर, वकील, प्राध्यापक यांना न जमायला कारण नाही. अडते ते इंग्रजीच्या पेपरात आणि संख्येत. यंदाच्या जाहिरातीत देशभरातून जागा विसाच्या आत होत्या.

भाच्याकडे डिप्लोमा आहे, पदवी नाही. हे दार त्याच्यासाठी आज बंद.

आम्ही हे बोलत असताना माझी भाची कोपऱ्यात वह्या तपासत बसली होती. ती भाच्याहून तीन वर्षांनी मोठी. बीएस्सी, बीएड, जवळच्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते, नुकतीच कायम झाली. वही न मिटता तिने विचारले, "खाला, बायकांना चालतं का?"

मी जाहिरात परत वाचली. चालते. आधी चालत नव्हते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांना टीएमध्ये प्रवेश नाकारता येणार नाही असा निकाल दिला आणि तेव्हापासून त्यांनाही अर्ज करता येतो. यंदा स्त्रियांसाठी जागा एकच होती. एकच म्हटल्यावर दुल्हाभाई हसले, भाची हसली नाही. अर्ज १० जूनपर्यंत भरायचे होते, शुल्क पाचशे रुपये. ते टीएच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचे असते. मधल्या कुणा माणसाला एक पैसाही द्यायचा नसतो, हे मुद्दाम लिहिते, कारण गावोगाव 'सेटिंग' करून देणारे फिरत असतात.

तिने अर्ज भरला. आपा माझ्यावर दोन दिवस रुसली. "मुलाचं थांबवायला तुला बोलावलं, तू मुलीचंही काढून बसलीस. स्थळं येतायत तिला. मुलगी बंदूक चालवते म्हटल्यावर कोण येईल?" तिची काळजी मी खोटी म्हणणार नाही. आपल्या समाजात हे प्रश्न येतात आणि ते आईलाच झेलावे लागतात. दुल्हाभाईंचे प्रश्न वेगळे: खाण्यापिण्याचे काय, रोजे-नमाजचे काय? लष्करात पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्यासारखीच मौलवींचीही धर्मशिक्षक म्हणून रीतसर भरती होते, हे मी त्यांना सांगितले. सुभेदारसाहेबांनाही विचारले होते. ते म्हणाले, "आमच्या पलटणीत रमजानमध्ये सहरीला उठवायला सगळ्यात आधी बिगरमुस्लिम लंगरवालाच यायचा." प्रत्येक ठिकाणी असेच असेल असे मी म्हणत नाही, पण दुल्हाभाईंचा चेहरा सैल झाला.

आता तिसरा रस्ता. या रस्त्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. एनसीसी फक्त मुलांसाठी असते असे आपण समजतो. पण शाळेतल्या तुकडीचा अधिकारी हा त्या शाळेतलाच शिक्षक असतो. त्याला निवडून प्रशिक्षणाला पाठवतात, पुरुषांना नागपूरजवळ कामठीला आणि स्त्रियांना ग्वाल्हेरला. प्रशिक्षण संपले की शाळेच्या तुकडीसाठी थर्ड ऑफिसर, महाविद्यालयाच्या तुकडीसाठी लेफ्टनंट. नोकरी शाळेचीच राहते. परेड आणि शिबिरे तिच्या सोबतीला. १९४८ च्या एनसीसी कायद्यानुसार या सेवेत युद्धावर जाण्याचे बंधन नाही. म्हणून काही लोक तिला नाक मुरडतात.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या शाळेत मला विचारले होते. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. ग्वाल्हेरला इतके आठवडे त्याला कुणाकडे ठेवायचे, या एका प्रश्नावर मी नाही म्हटले. घरात कुणी अडवले नव्हते. मी कुणाला विचारलेच नव्हते. आमचे पीटीचे सर कामठीला गेले. आता २६ जानेवारीला आमच्या शाळेच्या मुली परेड करतात, त्यांत रुमालाने केस झाकून वर टोपी घातलेल्या दोघी असतात. त्यांचा 'दाहिने देख' मी बाजूला उभी राहून बघते. माझे वय आता त्या अटीत बसत नाही.

होमगार्डचेही दोन शब्द. ते लष्कर नाही, गृहखात्याखालचे पोलिसांच्या मदतीचे दल आहे. त्याची सुरुवात आपल्या मुंबईतच ६ डिसेंबर १९४६ रोजी झाली. दहावी झालेल्या, २० ते ५० वयाच्या स्त्री-पुरुषांना तीन वर्षांसाठी घेतात. निवडणूक, गणपती, मोहरम, यात्रा अशा वेळी बोलावतात आणि त्या दिवसांचे मानधन देतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने ते रोज ५७० वरून १०८३ रुपये केले. आपल्याच गावात काम असते, मोठी रजा लागत नाही, मालकाचे मन राखता येते. ज्याचा पगार घर चालवतो आणि ज्याला दोन महिन्यांची रजा मिळत नाही, त्याच्यासाठी हे सगळ्यात सोपे. सीमेवर जाण्याची हौस त्यात भागणार नाही. पण कुरुंदवाडसारख्या गावात, जिथे मशिदीत गणपती बसतो, तिथे बंदोबस्ताला आपल्यातलाही एखादा मुलगा खाकी घालून उभा असावा, असे मला फार वाटते.

भाच्याने काय केले? जुलैत त्याने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव घातले. तीन वर्षांनी तो अठ्ठावीसचा होईल. अधिकाऱ्याच्या परीक्षेला त्याच्या हातात तेव्हाही चौदा वर्षे असतील, आणि तोवर हप्ते बरेच फिटतील. जवानाच्या भरतीची जाहिरात आली तर जाणार का, यावर तो अजून उत्तर देत नाही. रोज पहाटे पंचगंगेच्या पुलापर्यंत धावतो मात्र. आपा त्याला उठल्यावर खजूर आणि दूध देते आणि काही विचारत नाही.

भाचीने जुलैत टीएची परीक्षा दिली. इंग्रजीचा पेपर अवघड गेला म्हणते. मी तिला त्यातून बाहेर पडू देत नाही, रोज एक उतारा वाचून घेते. दरम्यान तिच्या शाळेतले एनसीसीचे सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. तिने मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे आणि त्यांनी नाही म्हटलेले नाही. गेल्या आठवड्यात दुल्हाभाईंचा मला फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "ग्वाल्हेरला मिरजेहून थेट गाडी आहे काय हो?"

गोवा एक्स्प्रेस आहे, मी सांगितले.